माथेरानची ई-रिक्षा आणि नसलेली नगरपरिषद

माथेरानमध्ये मोटार जात नाही. नेरळचा घाट चढून आलेली गाडी दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर पायी जायचं, घोड्यावर बसायचं, हातरिक्षा करायची किंवा अमन लॉज स्टेशनवरून सुटणारी छोट्या रेल्वेची शटल पकडायची. चार दिवस राहायला आलेल्याला यात मजा वाटते. बारमाही राहणाऱ्याला मात्र गॅसची टाकी, किराणा, सिमेंटची गोणी, बाळंतपणाला निघालेली बाई आणि ताप चढलेलं पोर याच वाटेने न्यावं-आणावं लागतं.

डिसेंबर २०२२ मध्ये या वाटेवर पहिल्यांदा ई-रिक्षा धावली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढणारी हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. बातम्यांमध्ये हे प्रकरण घोडेवाले विरुद्ध रिक्षावाले, पर्यावरण विरुद्ध सोय असं रंगवलं गेलं. ते खोटं नाही. पण छोट्या शहराचा कारभार नेमका कुणाच्या हातात असतो हे समजून घ्यायला इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही, आणि ते कुठेच मांडलेलं दिसलं नाही. गावाच्या इतिहासातला वाहतुकीचा सर्वांत मोठा निर्णय ज्या काळात झाला, त्या काळात माथेरानला निवडून दिलेली नगरपरिषदच नव्हती. आणि असती, तरी तो निर्णय तिच्या हातात नव्हता.

गाव लहान, परिषद पूर्ण

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले, तिथून माथेरान वसत गेलं. १९०५ मध्ये इथे नगरपालिका झाली. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या खटपटीतून नेरळ-माथेरान रेल्वे आली. म्हणजे छोटी गाडी धावायच्या आधीच गावाला स्वतःची पालिका होती. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४,३९३ होती. २००१ मध्ये ती ५,१३९ होती, म्हणजे दहा वर्षांत गाव आटलं. रायगड जिल्ह्यात याहून मोठ्या ग्रामपंचायती सापडतील. तरीही कायद्याच्या लेखी माथेरान गिरिस्थान नगरपरिषद ही पूर्ण नगरपरिषद आहे, वर्ग ‘क’, म्हणजे सर्वांत लहान वर्ग. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हाच कायदा तिला लागू आहे, आणि लाखभर वस्तीच्या शहराची परिषदही त्याच कायद्याने चालते.

या कायद्याने सांगितलेली रचना दोन खांबांवर उभी आहे. पहिला खांब निवडून आलेल्यांचा. ‘क’ वर्ग परिषदेत पूर्वी किमान १७ नगरसेवक असत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २० झाले. निम्म्या जागा महिलांना राखीव. त्याशिवाय काही स्वीकृत, म्हणजे न निवडता नेमलेले, सदस्य. सर्वसाधारण सभा साधारण दोन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. पाणी, आरोग्य, बांधकाम अशा विषय समित्या आणि त्यांच्या वर स्थायी समिती. नगराध्यक्ष कसा निवडायचा यावर मात्र राज्य सरकारांनी बराच घोळ घातला आहे: २०१६ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये परत जनतेतून. सत्ता बदलली की नियम बदलला. गावाला काय सोयीचं हा प्रश्न त्यात कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

दुसरा खांब मुख्याधिकारी. त्याची नेमणूक राज्य सरकार करतं, बदलीही तेच करतं. कर्मचारी, खर्च, निविदा, परवानगीपत्रं, सगळ्यावर सही त्याची. नगराध्यक्ष सभा चालवतो, ठरावाला दिशा देतो, देखरेख करतो; अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे. सभेने केलेला ठराव बेकायदा आहे किंवा लोकहिताच्या विरुद्ध आहे असं जिल्हाधिकाऱ्यांना वाटलं, तर कलम ३०८ खाली ते त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. थोडक्यात, परिषदेच्या सभागृहात बसलेल्यांच्या डोक्यावर आणि शेजारी, दोन्हीकडे राज्य शासन बसलेलं आहे. हे सगळ्याच छोट्या शहरांत आहे. माथेरानचं वेगळेपण यापुढे सुरू होतं.

एकाच डोंगरावर किती मालक

कलम ४९ मध्ये परिषदेची बंधनकारक कामं दिली आहेत: दिवाबत्ती, झाडलोट, सांडपाणी, रस्ते, पाणी, आगीपासून बचाव, जन्म-मृत्यू नोंद, रोगप्रतिबंध. यातली झाडलोट आणि दिवाबत्ती खरोखर परिषदच करते. गावातलं बी. जे. रुग्णालयही तिचंच. प्रवासी कर तीच वसूल करते, तिच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार आहे. जेमतेम साडेचार हजार लोकांच्या घरपट्टीवर पर्यटनस्थळाचा कचरा उचलता येत नाही, तो बाहेरून आलेल्या माणसाच्या खिशातूनच उचलावा लागतो.

पुढची यादी पाहा. पिण्याचं पाणी मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरण खालून, उल्हास नदीतून, टप्प्याटप्प्याने वर चढवतं. शार्लोट तलाव जवळ असला तरी गावाची तहान त्याच्यावर भागत नाही. वीज महावितरणची. रेल्वे मध्य रेल्वेची. २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्यावर नेरळ ते अमन लॉज गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि ती तीन वर्षं गावाकडे वाट पाहण्यापलीकडे काही नव्हतं. आजूबाजूचं जंगल वनखात्याचं. जुने बंगले आणि भूखंड बहुतांशी सरकारी भाडेपट्ट्याने दिलेले, त्यांची दप्तरं महसूल खात्याच्या अधीक्षकाकडे. मोठ्या रस्त्याचा पैसा एमएमआरडीएकडून, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, यायचा.

या सगळ्यावर आणखी एक छत्र आहे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि परिसराचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. नगरपरिषदेची हद्द सुमारे सात चौरस किलोमीटर. म्हणजे तिच्या तीसपट क्षेत्राचा हा नियम. या अधिसूचनेने गावात मोटार वाहनांना बंदी घातली, रुग्णवाहिका आणि अग्निशमन एवढा अपवाद ठेवला, आणि बांधकामापासून रस्त्यापर्यंत सगळ्यावर लक्ष ठेवायला सनियंत्रण समिती नेमली. त्यामुळे गावच्या सभेत झालेला ठराव सरळ मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर गेला असं होत नाही. रस्त्याला हात लावायचा असेल तर तो आधी समितीपुढे जातो.

मी या अधिसूचनेच्या बाजूचा आहे. ती नसती तर सह्याद्रीतल्या इतर थंड हवेच्या ठिकाणांचं जे झालं तेच माथेरानचं झालं असतं, झाडीच्या जागी पार्किंग आणि पार्किंगच्या वर हॉटेल. माझी तक्रार तिच्या असण्याबद्दल नाही. गावाच्या वतीने या समितीपुढे बोलायचं कोणी, हे तिच्यासोबत धड ठरलं नाही, याबद्दल आहे.

प्रकरण कसं सरकत गेलं

माथेरानमध्ये परवानाधारक हातरिक्षा ९४ आणि घोडे ४६०. हातरिक्षा एक जण पुढून ओढतो, चढावर दोघे मागून रेटतात. पावसाळ्यात लाल मातीच्या चिखलात आणि उन्हाळ्यात धुळीत हे काम चालतं, आणि ते करणारी माणसं बहुधा पन्नाशीपर्यंत कमरेने आणि फुप्फुसांनी थकलेली असतात. आम्हाला ई-रिक्षा द्या ही मागणी त्यांचीच होती. गावातल्या एका निवृत्त शिक्षकाने ती वर्षानुवर्षं लावून धरली. विजेवर चालणारं तीनचाकी धूर सोडत नाही, आवाज करत नाही, मग अधिसूचनेतल्या ‘वाहन’बंदीत ते धरायचं का, असा हा मुद्दा होता. परिषदेच्या पातळीवर तो सुटण्यासारखा नव्हता, कारण अधिसूचना केंद्राची होती. समितीच्या पातळीवर तो रेंगाळला. शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला.

मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. डिसेंबर २०२२ ते मार्च २०२३ असे तीन महिने नगरपरिषदेमार्फत ७ ई-रिक्षा चालल्या. प्रवाशाला ३५ रुपये, विद्यार्थ्याला ५ रुपये. शाळेतल्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना या तीन महिन्यांत काय मिळालं हे गावात कुणालाही विचारा. प्रयोग संपल्यावर रिक्षा थांबल्या आणि भांडणाला खरी सुरुवात झाली.

घोडेवाल्यांचा आक्षेप होता की हे वाहन एकदा आत शिरलं की मागोमाग मोटारही येईल, आणि त्याआधी आमचा धंदा जाईल. रस्त्यावर बसवायच्या पेव्हर ब्लॉकलाही त्यांचा विरोध होता: दगडी रस्त्यावर घोडा घसरतो, आणि माथेरानची ओळखच लाल मातीची वाट आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ब्लॉक बसवण्याच्या कामाला स्थगिती दिली. दुसरीकडे हातरिक्षावाल्यांना भीती होती की ई-रिक्षा येईल पण ती चालवेल ठेकेदार, आणि ज्यांच्या पाठीवरचं ओझं उतरवायला हे सगळं केलं ते रोजगाराविना राहतील. ही भीती रास्त होती. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की ई-रिक्षा फक्त सध्याच्या हातरिक्षाचालकांनाच द्यायच्या, त्यांच्या बुडणाऱ्या रोजगाराच्या बदल्यात. एप्रिल २०२४ मध्ये त्यांची संख्या तूर्त २० वर मर्यादित केली.

९४ जणांत २० रिक्षा. छोट्या गावाच्या कारभाराला वीस-पंचवीस वर्षांत याहून कठीण परीक्षा आली नसेल. कुणाला आधी, कुणाला नंतर, वय पाहायचं की परवान्याची तारीख, परवाना एकाच्या नावावर आणि रिक्षा ओढतो दुसरा, तर खरा चालक कोण? वाटप झालं, लगेच तक्रारी झाल्या, आणि खऱ्या चालकांऐवजी इतरांच्या हाती रिक्षा गेल्याच्या आरोपांची तड लावायची वेळ थेट न्यायालयावर आली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढणं हे राज्यघटनेने दिलेल्या सामाजिक आणि आर्थिक न्यायाच्या वचनाला धरून नाही. १९८० मधल्या पंजाबातल्या सायकलरिक्षाचालकांच्या हक्कांच्या प्रकरणाला ४५ वर्षं झाली तरी ही प्रथा चालू आहे, याची नोंद त्यात आहे. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायच्या. राज्य सरकारने गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्यायच्या. खरे चालक कोण ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवायचं, किती रिक्षा लागतील तेही तिनेच. उरलेल्या रिक्षा आदिवासी महिला आणि इतर गरजूंना द्यायच्या. पैसा नाही ही सबब चालणार नाही. रस्त्याबाबत मधला मार्ग निघाला: दस्तुरी नाका ते शिवाजी पुतळा या मुख्य वाटेवर ब्लॉक बसवता येतील, पण खाली काँक्रीटचा थर नाही, आणि आतल्या वाटांवर, डोंगरवाटांवर ब्लॉक नाहीतच.

निकाल चांगला आहे. हातरिक्षावाल्याच्या बाजूने इतक्या ठाम शब्दांत आजवर कुठलीच सरकारी यंत्रणा बोलली नव्हती.

या सगळ्यात परिषद कुठे होती

माथेरान नगरपरिषदेची निवडणूक २०१६ च्या अखेरीस झाली. तिची मुदत संपली तेव्हा राज्यात इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला होता, आणि सगळ्याच स्थानिक संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. शेकडो गावांत प्रशासक बसले. माथेरानमध्येही तेच झालं. २०२२ ची परवानगी, तीन महिन्यांचा प्रयोग, २०२४ मधलं वाटप, २०२५ चा निकाल, हे सगळं त्या प्रशासकीय काळातलं. निवडणूक झाली थेट डिसेंबर २०२५ मध्ये, तोवर निकालाने दिलेल्या सहा महिन्यांतले चार सरले होते.

प्रशासक म्हणजे सभा आणि मुख्याधिकारी या दोन खांबांपैकी एक काढून त्याचं वजन दुसऱ्यावर टाकणं. कागदोपत्री काम अडत नाही. ठराव होतात, बिलं निघतात. पण सभा होत नाही. दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या त्या बैठकीची किंमत अशा वेळी कळते. हातरिक्षावाल्याचा नगरसेवक आणि घोडेवाल्याचा नगरसेवक एकाच टेबलाशी बसतो, तिथे भांडतो, त्याचं इतिवृत्त राहतं, आणि पुढच्या सभेत मागच्या इतिवृत्तावर पुन्हा भांडता येतं. ती जागा बंद झाली की भांडण रस्त्यावर येतं. मार्च २०२५ मध्ये तेच झालं: दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, गावात काहीच सोय नाही असं सांगून त्यांना अव्वाच्या सव्वा पैसे मोजायला लावतात, या तक्रारीवरून गावाने बेमुदत बंद पुकारला. ऐन हंगामाच्या तोंडावर पर्यटनावर पोट असलेलं गाव स्वतःची दुकानं बंद करतं, तेव्हा तक्रार नेण्यासारखं दुसरं दार त्याला उरलेलं नसतं.

मला इथे एक मुद्दा मांडायचा आहे जो स्थानिक स्वराज्याच्या समर्थकांना आवडणार नाही, आणि मी स्वतः त्यांच्यातलाच आहे. परिषद असती आणि तिला पूर्ण अधिकार असता, तर हातरिक्षावाल्याला न्याय मिळाला असता का? मला शंका आहे. साडेचार हजार लोकांच्या गावात २० नगरसेवक म्हणजे एका नगरसेवकामागे दोनशे-सव्वादोनशे माणसं. त्यातले मतदार आणखी कमी. एका मोठ्या कुटुंबाने आणि त्याच्या सोयऱ्यांनी पाठ फिरवली तर जागा जाते. ४६० घोड्यांमागची घरं आणि ९४ हातरिक्षांमागची घरं यांची बेरीज गावाच्या राजकारणात कुठे झुकते हे सांगायला गणित यावं लागत नाही. अशा गावात नगरसेवकाला एखाद्या धंद्याच्या विरोधात मत देणं जवळपास अशक्य असतं. तो ज्यांना दुखावेल ते त्याला रोज संध्याकाळी बाजारात भेटणार आहेत. म्हणून माणसाने माणसाला ओढू नये हे तत्त्व बाहेरून यावं लागलं, आणि ते बाहेरून आलं हे बरंच झालं.

मात्र तत्त्व ठरल्यावर जे उरतं ते सगळं गावाचं असतं. रात्री साडेनऊला शेवटच्या शटलनंतर आलेल्या रुग्णाला रिक्षा मिळेल का? शाळा सुटायच्या वेळी किती रिक्षा मुलांसाठी राखायच्या? चार्जिंगची जागा कुठे, पावसाळ्यात वीज गेली तर काय? घोड्यांचा थांबा आणि रिक्षाचा थांबा एकमेकांपासून किती लांब? भाड्याचा फलक कोण लावणार आणि त्याहून जास्त घेतलं तर कुणाकडे जायचं? यातला एकही प्रश्न दिल्लीतून सुटत नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयातून, अलिबागेतूनही नीट सुटत नाही. आणि सगळ्यात नाजूक प्रश्न, खरा हातरिक्षाचालक कोण, त्याचं उत्तर जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीत उमटेल, पण ते ठाऊक आहे बाजारपेठेतल्या प्रत्येकाला. ती यादी गावच्या सभेत उघडपणे वाचली गेली असती तर निम्म्या तक्रारी तिथल्या तिथे मिटल्या असत्या, कारण सगळ्यांसमोर खोटं नाव घुसवणं अवघड जातं.

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या परिषदांना घटनेत जागा दिली, आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहिले. त्यात रस्ते आहेत, पाणी आहे, पर्यावरणाचं रक्षणही आहे. पण हे विषय परिषदांना द्यायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर सोडलं. माथेरानमध्ये त्या १८ विषयांपैकी बहुतेकांवर दुसऱ्याच कुणाचा तरी शिक्का आहे, आणि प्रत्येक शिक्क्यामागे स्वतंत्रपणे पाहिलं तर समजण्यासारखं कारण आहे. पाणी चढवायची ताकद गावाकडे नाही, जंगल गावापेक्षा मोठं आहे, रेल्वे देशाची आहे. गुंता होतो तो या सगळ्यांना एकत्र बसवून गावाच्या बाजूने विचारणारं कुणी नसल्यामुळे.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीने सभागृह पुन्हा भरलं. नव्या परिषदेच्या हाती ई-रिक्षांची संख्या नाही, चालकांची यादी नाही, खरेदीचा पैसाही नाही. तिच्या हाती ठराव आहे. मी तिथला नगरसेवक असतो तर तीन ठराव पहिल्याच वर्षी मांडले असते. पहिला, समितीने काढलेली चालकांची यादी सर्वसाधारण सभेत वाचावी आणि हरकती इतिवृत्तात नोंदवून समितीकडे पाठवाव्यात. दुसरा, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्यासाठी रिक्षांच्या वेळा परिषदेने ठरवाव्यात आणि ते समितीकडून मान्य करून घ्यावं. तिसरा, समितीच्या प्रत्येक बैठकीआधी तिची विषयपत्रिका परिषदेपुढे यावी. यातल्या कशालाच कायदा बदलावा लागत नाही. कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी एखादा ठराव थांबवलाच, तर त्यांना कारण लेखी द्यावं लागेल, आणि ते कारण गावाला वाचता येईल.